कामेइदोचा पूल व अजिंठ्याचीं लेणीं

आपल्या नेर गांवीं, किंबहुना यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं, कोणाच्या ओसरीवर क्षणभर बसलें, तर समोरच्या भिंतीवर एखादें रंगीत चित्र लाविलेलें बहुधा दृष्टीस पडतें. कोठें कमलासना लक्ष्मी असते, कोठें वीणाधारिणी सरस्वती, कोठें कटेवर कर ठेविलेला विठोबा, तर कोठें कोंकरूं खांद्यावर घेतलेला ख्रिस्त. तें चित्र कोणी काढिलें, कोणी छापिलें, हें घरच्या माणसांस ठाऊक नसतें. व तें जाणून घेण्याची कोणास जरूरही वाटत नाहीं. छापील चित्र म्हणजे स्वस्त चित्र, आणि जें स्वस्त तें हलकें, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. एकुलती एक वस्तु तेवढी मोलाची, व जिच्या हजार प्रती निघतात ती कवडीमोलाची, असें आपण न बोलतां मानीत असतों. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं प्रस्तुत लेखांत जपानांतील एका देवस्थानाचें, लांकडी ठशांनीं छापलेलें चित्र घेतलें आहे. विषय दूरदेशचा असला तरी त्याचा धागा अखेर आपल्याच महाराष्ट्रांतील अजिंठ्याच्या लेण्यांपाशीं येऊन पोहोंचतो, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

प्रथम त्या देवस्थानाची ओळख करून घेऊं. जपानची राजधानी टोकियो हिला १८६८ सालापूर्वीं एदो असें नांव होतें. त्या नगराच्या पूर्वभागीं, सुमिदा नदीच्या पलीकडे, कामेइदो नांवाच्या ठिकाणीं तेन्जिन देवाचें स्थान आहे. हा तेन्जिन म्हणजे मूळचा एक मनुष्यच. सुगावारा नो मिचिझाने असें त्याचें नांव असून तो इ. स. ८४५ मध्यें जन्मला. तो मोठा पंडित व कवि होता आणि विद्येच्या बळावर राजदरबारीं फार उच्च पदास चढला. परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानामुळें ९०१ सालीं त्याला राजधानींतून घालवून देण्यांत आलें, व दूर दक्षिणेकडील दाझाइफु येथें ९०३ सालीं त्याचा अंत झाला. त्याच्या मरणानंतर राजधानीवर एकामागून एक संकटें कोसळलीं. निरपराध विद्वानाचा छळ केल्याचेंच हें फळ होय, असें लोकांस वाटलें, व त्यांनीं त्याला देवपद देऊन त्याची पूजा आरंभिली. तेव्हांपासून तो विद्येचा देव मानला जातो. आजही जपानांतील विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत त्याच्या स्थानीं जाऊन यश चिंतितात. आपल्याकडे दसऱ्यास पाटीवर सरस्वतीचें चिन्ह काढून पूजा करणारा मुलगा आणि कामेइदोच्या अंगणांत हात जोडून उभा राहिलेला जपानी मुलगा, या दोघांच्या मनांतील धाकधूक निराळी नसावी.

कामेइदोचें हें देवस्थान सतराव्या शतकांत, दाझाइफु येथील मूळ स्थानाच्या धर्तीवर उभारलें गेलें. त्याच्या आवारांत तळें आहे व तळ्यावर उंच कमानीचा पूल आहे. ह्या पुलाची कमान इतकी गोल असते कीं, पाण्यांत तिचें प्रतिबिंब पडलें म्हणजे वर अर्धें व खालीं अर्धें मिळून एक पूर्ण वर्तुळ दिसतें. त्यावरून अशा पुलास जपानी लोक नगाऱ्याची उपमा देऊन ‘नगारापूल’ म्हणतात. तळ्याच्या कांठीं मांडव घालून त्यांवर फुजी नांवाचा वेल चढविलेला असतो. वसंताच्या अखेरीस त्याला हलक्या जांभळ्या रंगाच्या फुलांचे लांब घोस लोंबूं लागतात. आपल्या रानांत वैशाखांत बहावा फुलतो, तेव्हां त्याचे पिवळे घोस जसे झुंबराप्रमाणें खालीं येतात, तसेच हे होत. रंग मात्र पिवळा नसून जांभळा. हे घोस पाहावयास एदोचे लोक मुलांबाळांसह कामेइदोस जात.

हा देखावा ज्यानें अजरामर केला तो चित्रकार उतागावा हिरोशिगे. हा १७९७ सालीं जन्मला व १८५८ सालीं वारला. आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत त्यानें ‘एदोचीं शंभर प्रसिद्ध स्थळें’ ही चित्रमालिका हातीं घेतली. नांवांत शंभर असले तरी त्या मालिकेंतील चित्रें शंभराहून अधिक आहेत. त्यांपैकीं ‘कामेइदो तेन्जिन देवस्थानाच्या आवारांत’ हें चित्र १८५६ सालचें. चित्र उभट आहे. अगदीं पुढें, पाहणाऱ्याच्या नाकाशीं टेंकावेत असे, फुजीचे घोस वरून लोंबत आहेत. त्यांच्या आडून मागें तो गोल पूल दिसतो. पुलावर लहान लहान माणसें आहेत. आणि पलीकडे तळ्याच्या कांठीं बसून मौज पाहणारे लोक आहेत. गाभारा नाहीं, मूर्ति नाहीं, पुजारी नाहीं. देवस्थानाच्या चित्रांत देवच दाखविला नाहीं, म्हणून कोणी नवल करील. परंतु यात्रेस गेलेल्या माणसाच्या स्मरणांत गाभाऱ्यांतील क्षणभराच्या दर्शनाइतकेंच घाट, झाडें, गर्दी व सोबतीचीं माणसेंही राहतात. हिरोशिगेनें नेमकें तेंच टिपलें आहे. दर्शनाला जाणाऱ्याचें दर्शन त्यानें घडविलें, असें म्हटल्यास चुकणार नाहीं.

आतां हें चित्र तयार कसें झालें तें पाहूं. हिरोशिगेचें चित्र असें आपण म्हणतों खरें. पण तें एकट्या हिरोशिगेचें नव्हे. अशा चित्राला चौघे लागत: भांडवल घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, ठसे कोरणारा कारागीर आणि छापणारा कारागीर. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनें रेखाटन करून देई. तो कागद, चित्राची बाजू खालीं करून, चेरीच्या लांकडाच्या गुळगुळीत फळीवर खळीनें चिकटवीत. कागद पातळ असल्यामुळें रेषा उलट्या दिसत. मग कोरणारा त्या रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचें लांकूड पटाशीनें व चाकूनें काढून टाकी. एखादा केस, एखादी पाकळी, पावसाची एखादी धार, ही लांकडांत केसासारखी बारीक उभी ठेवावयाची. हात तसूभर हलला तर फळी वायां. चेरीचें लांकूड घट्ट व एकसारख्या दाण्याचें असतें, म्हणून तें ह्या कामास निवडीत. आपल्या जिल्ह्याचें सागवान घरादारांस उत्तम, परंतु त्याच्या ठळक रेषा व सच्छिद्रपणा ह्यांमुळें इतक्या नाजूक कामास तें तितकेंसें सोईचें नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. फळीवर चिकटविलेला तो कागद कोरतांना नाहींसा होतो. म्हणजे चित्रकाराच्या हातचें मूळ रेखाटन ठसा तयार होतांच नष्ट झालेलें असतें. पुढें ज्या प्रती निघतात त्यांच्यामागें ‘खरें’ चित्र असें कोठेंही शिल्लक नसतें. सर्व प्रती हेंच खरें चित्र. बीज मातींत कुजतें व कणीस वर येतें, तसाच हा प्रकार होय.

रेषांचा मुख्य ठसा तयार झाला म्हणजे त्याच्या कांहीं प्रती काढून, कोणत्या जागीं कोणता रंग द्यावयाचा हें चित्रकार सांगे, आणि प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरीत. निळ्याचा एक, जांभळ्याचा एक, हिरव्याचा एक, याप्रमाणें. कागद एकच, पण तो अनेक ठशांवर एकामागून एक ठेवावयाचा. तेव्हां प्रत्येक वेळीं तो रेसभरही न सरकतां त्याच जागीं कसा बसावा? ह्यासाठीं प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यांत काटकोनी खूण व एका कडेला सरळ खूण कोरून ठेवीत. कागदाचा कोपरा एका खुणेंत व कड दुसरीला टेंकवली कीं तो बरोबर बसे. इतक्या साध्या दोन खुणांवर सगळी रंगीत छपाई उभी आहे. आपल्याकडील छिपे कापडावर एका रंगाचा ठसा मारून त्याच्याच आंत दुसऱ्या रंगाचा ठसा नेमका बसवितात, त्यांना ही अडचण व तिच्यावरील तोड सांगावी लागणार नाहीं.

छापण्यास यंत्र नसे. पाण्यांत कालविलेला रंग व तांदुळाची खळ ठशावर ब्रशानें पसरून त्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला चिवट, किंचित् ओलसर कागद ठेवीत, आणि पाठीमागून बांबूच्या पानोळ्यानें मढविलेल्या वाटोळ्या चकतीनें घासीत. आकाश वर गडद व खालीं फिकट होत गेलेलें दिसतें, तें ठशामुळें नव्हे, तर छापणाराच्या हातामुळें. ठशावरचा रंग तो एका बाजूनें पुसून घेई व मगच कागद ठेवी. हें प्रत्येक प्रतीला नव्यानें करावें लागे. त्या काळीं युरोपांतून येणारा गडद निळा रंग जपानांत नुकताच सर्वांस परवडूं लागला होता. हिरोशिगेचीं आकाशें व पाणी बहुतेक त्याच रंगाचीं आहेत.

चौघांचें काम म्हटलें म्हणजे चुकीलाही चार वाटा. कामेइदोच्या ह्या चित्राच्याच कांहीं प्रतींत पुलाच्या कमानीखालून दिसणारी आकाशाची जागा पाण्याच्याच गडद निळ्या रंगानें भरली गेली आहे. जणूं पाणी पुलापर्यंत उभें चढलें! पुढील प्रतींत ही चूक सुधारलेली आढळते. चित्रावर हिरोशिगेची सही आहे. ज्यानें फुजीच्या पाकळ्या लांकडांत उभ्या केल्या, व ज्याच्या हातून तो निळा रंग भलत्या जागीं पडला, त्यांचीं नांवें ह्या मालिकेंतील बहुतेक चित्रांवर नाहींत. उत्तम कामाचें श्रेय त्यांस मिळालें नाहीं, आणि चुकीचा ठपकाही त्यांच्या नांवावर राहिला नाहीं. भिंतीवरील कोणतेंही छापील चित्र पाहतांना ह्या अनामिक हातांची आठवण ठेवावी, एवढें तरी आपणांस करतां येण्यासारखें आहे.

हीं चित्रें जपानांत सामान्य कारागिरालाही विकत घेतां येत. तींच पुढें युरोपांत गेलीं, तेव्हां तेथील मोठमोठे चित्रकार थक्क झाले. व्हॅन गॉग ह्यानें १८८७ सालीं हिरोशिगेच्या ह्याच मालिकेंतील दोन चित्रांच्या तैलरंगांत नकला केल्या. त्यांपैकीं एक कामेइदो येथीलच आलुबुखाराच्या बागेचें चित्र होय. फ्रान्सांतील चित्रकार मोने ह्यानें आपल्या बागेंत तळें करून त्यावर जपानी घाटाचा कमानदार पूल बांधविला व तो पुनःपुन्हां रंगविला. स्वस्त म्हणून ज्यांची आपल्या देशीं फारशी पर्वा होत नव्हती, त्या कागदांनीं दुसऱ्या खंडाची दृष्टि बदलली.

आतां आपण महाराष्ट्राकडे वळूं. योशिदा हिरोशी नांवाचा एक जपानी चित्रकार १८७६ सालीं जन्मला व १९५० सालीं वारला. त्याचें पहिलें काष्ठमुद्राचित्र १९२० सालीं वातानाबे ह्या प्रकाशकाकडून निघालें. तेंही एका देवस्थानाचेंच, टोकियो येथील मेइजी देवस्थानाच्या उपवनाचें होतें. १ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियोच्या प्रदेशांत भयंकर भूकंप झाला. वेळ मध्यान्हाची, घरोघरीं चुली पेटलेल्या; त्यामुळें आगी लागून लक्षावधि घरें जळालीं व लाखाहून अधिक माणसें दगावलीं. त्या आगींत वातानाबेच्या दुकानांतील योशिदाचे ठसे व चित्रेंही गेलीं. योशिदा खचला नाहीं. उरलीं चित्रें घेऊन तो अमेरिकेस गेला, तेथें तीं विकलीं, आणि परत आल्यावर १९२५ सालीं त्यानें स्वतःची छपाईशाळा काढिली. कोरणारे व छापणारे त्यानें आपल्या नजरेखालीं ठेविले, व स्वतःही कोरणें व छापणें शिकला. १९२६ सालीं त्यानें शिडाच्या नावांचें एक चित्र त्याच त्या ठशांनीं, केवळ रंग बदलून, सकाळचें, दुपारचें, सायंकाळचें व रात्रीचें असें छापिलें. १९३७ सालीं निक्को येथील देवस्थानाच्या दरवाजाचें चित्र छापतांना एकेका कागदावर नव्वदाहून अधिक वेळां ठसा उमटवावा लागला. आणि १९२७ सालीं त्यानें छापिलेल्या टोकियोच्या चित्रांत कामेइदोचा तोच गोल पूल व तेच फुजीचे घोस आहेत. हिरोशिगेनंतर सत्तर वर्षांनीं तीच वाट, तोच पूल!

हाच योशिदा १९३० सालच्या अखेरीस आपल्या मुलास बरोबर घेऊन हिंदुस्थानांत आला. ताजमहाल, काशीचे घाट, अमृतसरचें सुवर्णमंदिर, उदेपूरचे वाडे हीं त्यानें पाहिलीं, व अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांपर्यंतही तो आला. जपानांत परतल्यावर १९३१ व १९३२ ह्या सालांत त्यानें ह्या प्रवासाचीं चित्रें छापिलीं. त्यांत एकट्या ताजमहालाचींच सहा आहेत, आणि आपल्या लेण्यांसही स्थान आहे. ज्या हातांनीं कामेइदोचें तळें छापिलें, त्याच हातांनीं सह्याद्रीचा काळा पाषाण चेरीच्या फळीवर उतरविला.

परंतु अजिंठ्यास येणारा तो पहिला जपानी चित्रकार नव्हे. अराइ कान्पो नांवाचा चित्रकार त्याच्या आधीं येऊन गेला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या आमंत्रणावरून तो १९१६ सालीं कलकत्त्यास आला, आणि पुढें अजिंठ्याच्या लेण्यांत राहून त्यानें आपल्या सोबत्यांसह तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या नकला मोठ्या परिश्रमानें टोकियोस नेऊन विद्यापीठांत ठेविल्या. १९२३ सालच्या त्याच आगींत त्या भस्म झाल्या.

हें दुर्दैव अजिंठ्याच्या नकलांना नवें नव्हतें. मेजर रॉबर्ट गिल ह्यानें १८४४ सालानंतर अजिंठ्यास राहून वर्षानुवर्षें तैलरंगांत मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ सालच्या आगींत बहुतेक जळाल्या. गिल निराश न होतां पुन्हां लेण्यांत परतला. त्याची कबर भुसावळास आहे. नेर-अमरावतीकडून मुंबईस जाणारी गाडी त्याच गांवावरून जाते. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या हिंदी विद्यार्थ्यांकडून पुन्हां नकला करविल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ सालीं तेथील संग्रहालयाच्या आगींत त्यांतील पुष्कळ नाश पावल्या. तीन वेळां मनुष्यांनीं अजिंठा कापडाकागदावर उतरविला, व तिन्ही वेळां अग्नीनें तो हिरावून घेतला.

मग राहिलें काय? ग्रिफिथ्स ह्यांनीं १८९६-९७ सालीं अजिंठ्यावर दोन मोठे सचित्र ग्रंथ छापिले, ते राहिले. पुढें हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी ह्यांनीं १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत जे ग्रंथ काढिले, तेही राहिले. ज्या नकलांची एकेकच प्रत होती त्या गेल्या. ज्या छापल्या गेल्या त्या उरल्या. एक दुकान जळालें तर दुसऱ्या गांवींची प्रत वांचते, एक कपाट वाळवीनें खाल्लें तर दुसऱ्या घरचें शाबूत असतें. कामेइदोचीही तीच कथा आहे. १९४५ सालच्या बाँबहल्ल्यांत तें देवस्थान जळालें व युद्धानंतर पुन्हां बांधण्यांत आलें. हिरोशिगेनें पाहिलेलें देवालय आज नाहीं. त्यानें छापविलेला तो पूल व ते घोस मात्र जगांतील कितीतरी संग्रहालयांत जसेच्या तसे आहेत. आपल्याकडेही पाहा. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं निघाली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघून पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दोहोंकडे दगडावरून, दर रंगास निराळा दगड घेऊन, देवादिकांचीं चित्रें छापीत. तत्त्व जपानी ठशांचेंच. मळवलीचा तो कारखाना १९७२ सालीं आगींत सांपडला. तरी रविवर्म्याची लक्ष्मी व सरस्वती नाहींशा झाल्या नाहींत. कारण त्या कारखान्यांत नव्हत्याच, त्या घरोघरच्या भिंतींवर होत्या.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. छापील प्रत म्हणजे मूळ वस्तु नव्हे, असें कोणी म्हणेल, व तें खरें आहे. ठसे झिजतात, मागाहूनच्या प्रतींत रेषा जाड होतात, घाईनें काम उरकणारा छापणारा आकाशाची ती हलकी छटा गाळून टाकतो. अजिंठ्याच्या भिंतीवरील रंग कोणत्याही ग्रंथांत पूर्णपणें उतरला नाहीं. म्हणून मूळ वस्तूची राखण ही पहिली. तिच्या प्रती हा कांहीं तिला पर्याय नव्हे. परंतु सर्वस्व गेल्यावर जी ओळख मागें उरते, ती ह्या स्वस्त व सामान्य प्रतींमुळेंच उरते, हें वरील उदाहरणांवरून स्पष्ट आहे. जतन म्हणजे केवळ कुलुपांत ठेवणें नव्हे. वांटून देणें हेंही जतनच होय.

विद्येचीही गोष्ट अशीच नाहीं काय? मिचिझाने पंडिताला शत्रूंनीं हद्दपार केलें, परंतु त्याची विद्या त्यांना हद्दपार करतां आली नाहीं, कारण ती अनेकांच्या अंतःकरणांत उतरली होती. जें एकाच पेटींत आहे तें एका ठिणगीनें जाईल. जें पुष्कळांच्या हातीं गेलें तें टिकेल. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, घरीं एखादी जुनी पोथी असेल, आजीच्या तोंडची ओवी असेल, पडावयास आलेल्या देवळाच्या खांबावरची नक्षी असेल, तर तिची एक प्रत उतरून घ्या, व ती दुसऱ्यास द्या. प्रत सुबक नसली तरी चालेल. आणि भिंतीवरच्या रंगीत चित्राकडे पुन्हां दृष्टि जाईल तेव्हां, तें हलकें आहे असें म्हणण्यापूर्वीं, तें कितीजणांच्या हातांतून आपल्यापर्यंत आलें आहे, ह्याचा क्षणभर विचार करा.